पिशवी कमरेच्या खाली

आमचं घर इंदूरजवळच्या राऊमध्ये, स्टेशनपासून पायी जाण्याइतकं जवळ. यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, लिव्हर ट्रान्सप्लांट झालं मुंबईत, 2021 च्या दिवाळीनंतर. ऑपरेशनबद्दल सांगणारे पुष्कळ भेटले. खर्च, दाता, रिजेक्शन, गोळ्या, पथ्य, सगळं कानावर आलं होतं. पित्ताच्या नळीबद्दल मात्र डॉक्टर सोडून कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. आणि आमचं पुढचं दीडेक वर्ष खाल्लं ते त्या नळीनेच. म्हणून हे लिहिते आहे.

यांचा सिरॉसिस दारूचा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण लिव्हर म्हटलं की लोकांची नजर बदलते. जुना मधुमेह, वाढलेलं वजन आणि वर्षानुवर्षं सोनोग्राफीच्या कागदावर छापून येणारं ‘फॅटी लिव्हर’, जे आम्ही कधी मनावर घेतलं नाही. मग पोटात पाणी व्हायला लागलं. एकदा रक्ताची उलटी झाली. त्यानंतर हे मधूनमधून बरळायला लागले, तेव्हा ट्रान्सप्लांटशिवाय गत्यंतर नाही असं सांगण्यात आलं.

इंदूरात 2015 पासून अवयव नेण्यासाठी ग्रीन कॉरिडॉर होतात. पोलीस चौक अडवून धरतात आणि अँब्युलन्स सुसाट जाते, हे आम्ही पाहिलेलं. त्यामुळे मृत दात्याचं लिव्हर मिळेल अशी आशा होती. नावही नोंदवलं होतं. पण दुखणं थांबायला तयार नव्हतं. माझा रक्तगट जुळला नाही. देवासची माझी धाकटी नणंद पुढे आली. 1994 च्या कायद्यात सख्खी बहीण जवळच्या नात्यात मोडते, त्यामुळे परवानगीला अडचण नव्हती. तरी समितीने तिला वेगळं बसवून विचारलं, कुणाचा दबाव आहे का म्हणून. त्या मजल्यावर लिव्हर देणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या, घेणारे बहुतेक पुरुष. यावर मी इथे जास्त बोलत नाही.

ऑपरेशनच्या आधी सर्जननी आम्हाला तासभर दिला. त्यांनी एका रिपोर्टाच्या पाठीमागे पेनने लिव्हर काढलं आणि मधोमध रेघ मारली. उजवा भाग म्हणजे साधारण साठ टक्के, तो नणंदेचा यांना मिळणार. दोघांचीही लिव्हरं पुढच्या दोन-तीन महिन्यांत बरीचशी भरून येणार. मग त्यांनी कापलेल्या बाजूवर दोन टिंबं काढली. म्हणाले, “ही पित्ताच्या नळ्यांची तोंडं. ब्रेनडेड दात्याचं अख्खं लिव्हर आलं तर जाडशी एकच नळी असते. जिवंत दात्याच्या अर्ध्या लिव्हरला कधी एक असते, कधी दोन, कधी तीन. ताईंच्या एमआरसीपीत, म्हणजे नळ्यांच्या एमआरआयत, दोन दिसताहेत.” मोठी नळी उदबत्तीच्या जाडीची, दुसरी तिच्याहून बारीक. त्या यांच्या नळीला भिंग लावून, केसासारख्या दोऱ्याने जोडायच्या.

“शिरा, धमन्या जोडणं अवघड नाही का?” यांनी विचारलं.

“अवघड आहेच. पण त्यांचं काय ते पहिल्या काही दिवसांत कळतं. नळी मागाहून त्रास देते.”

कारणही त्यांनी सांगितलं. लिव्हरला दोन बाजूंनी रक्त मिळतं, पण पित्ताच्या नळीची सगळी भिस्त एका धमनीवर. ती धमनी आक्रसली किंवा तिच्यात गुठळी झाली, तर नळी सुकते. म्हणून ऑपरेशननंतर पहिले काही दिवस धमनीतलं रक्त वाहतंय ना ते पाहायला रोज डॉप्लर करतात. तो कशासाठी चाललाय ते मला माहीत होतं, याचा फार आधार वाटला.

पूर्वी जोडाच्या जागी टी आकाराची रबरी नळी ठेवून तिचं एक टोक पोटाबाहेर काढायचे. पित्त दिसायचं, रंग कळायचा, बाहेरून फोटो काढता यायचा. पण ती काढताना भोकातून पित्त पोटात झिरपायचं, कारण स्टेरॉइड चालू असलेल्या माणसाची जखम लवकर धरत नाही. आता बरेच सर्जन ती घालत नाहीत. कुणी जोडातून बारीक स्टेंट सोडतात, कुणी काहीच ठेवत नाहीत. आमचे डॉक्टर म्हणाले, टेबलावर नळ्या पाहून ठरवीन. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी तेव्हा किरकोळ वाटली. जमलं तर यांच्याच नळीला जोडतो. नाही जमलं तर छोट्या आतड्याचा वेढा वर आणून त्याला जोडावं लागेल. पण मग पुढे कधी अडलं तर तोंडावाटे दुर्बीण घालून तिथवर पोचणं कठीण.

यांच्याच नळीला जोडता आलं. स्टेंट ठेवला नाही.

ऑपरेशननंतर पोटात ड्रेन होते. त्यांतून आधी लालसर पाणी येत होतं, मग फिकट होत गेलं. चौथ्या-पाचव्या दिवशी एका ड्रेनचं पाणी पिवळं-हिरवं झालं. ड्रेनच्या पाण्यातलं बिलिरुबिन आणि रक्तातलं बिलिरुबिन एकाच दिवशी तपासलं. ड्रेनमधलं तिपटीहून जास्त निघालं, म्हणजे पित्तच गळत होतं. मी हादरले. डॉक्टर मात्र शांत होते. सीटी केलं, पोटात कुठे साठलेलं नव्हतं, ताप नव्हता. “ड्रेन बाहेर काढतोय, तोवर आपण बसून राहायचं,” असं म्हणाले. ड्रेन लवकर काढा म्हणून हे रोज मागे लागायचे. काढला नाही हेच बरं झालं. गळती आपोआप बंद झाली. पण जिथे एकदा गळतं तिथे पुढे आकसण्याची शक्यता वाढते, असं डिस्चार्जच्या दिवशी ज्युनिअर डॉक्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी वहीत लिहून ठेवलं.

रंगपंचमीच्या सुमाराला आम्ही राऊला परतलो. इंदूरची गेर, रंगपंचमीची मिरवणूक, टीव्हीवर पाहिली. बाहेरचे पोहे, कचोरी, कापून ठेवलेलं फळ बंद. पाणी उकळून. यांचा जीव शेव-जिरावणावर, तेही घरी केलं. रिजेक्शन रोखणाऱ्या टॅक्रोलिमसच्या गोळीच्या वेळा घड्याळ लावून. सगळं ठीक चाललं होतं.

पावसाळ्यात यांना खाज सुटली. आधी तळहात, तळपाय. रात्री जास्त. अंगावर पुरळ एकही नाही. इथल्या एका डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून गोळी आणि लोशन दिलं. डोळे पिवळे नव्हते, बिलिरुबिन जेमतेम वाढलेलं. पण त्याच रिपोर्टात अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी दुपटी-तिपटीने वर गेले होते. सोनोग्राफीत लिहून आलं, नळ्या फुगलेल्या नाहीत.

मुंबईच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर ताईंना मी सगळे कागद पाठवले. त्यांचा फोन आला तो आधी सोनोग्राफीबद्दलच. बदललेल्या लिव्हरमधल्या नळ्या अडल्या तरी कित्येकदा फुगत नाहीत, तेव्हा सोनोग्राफी नॉर्मल म्हणून स्वस्थ बसू नका, एमआरसीपी करा. तो इंदूरातच झाला. दोन्ही जोडांवर नळी आकसलेली होती. कावीळ दिसायला लागण्याच्या आधी खाज येऊ शकते, हे मी आता भेटेल त्याला सांगते. लघवी गडद, शौचाचा रंग मातकट-फिका, अंगाला पुरळाशिवाय खाज, यांतलं काहीही दिसलं तर ट्रान्सप्लांटच्या टीमला कळवायचं. ॲलर्जी असेल तर तसं ते सांगतील.

मुंबईत ईआरसीपी झाली. तोंडावाटे दुर्बीण घालून मोठ्या नळीत फुगा फुगवला आणि प्लास्टिकचा स्टेंट ठेवला. दुसऱ्या, बारीक नळीत तार काही केल्या जाईना. त्या बाजूचं पित्त कोंडलेलंच राहिलं. म्हणून मग पीटीबीडी. उजव्या बरगड्यांच्या मधून, सोनोग्राफी आणि एक्सरे बघत, बारीक सुई लिव्हरमधल्या नळीत घालायची आणि तिच्या वाटेने एक नळी ठेवायची. आधी रक्त गोठण्याची तपासणी आणि अँटिबायोटिक. यांना जागं ठेवून, जागा बधिर करून केलं. दुखलं का विचारलं तर “खांदा दुखला” म्हणाले. पहिल्यांदा तारेने आकसलेली जागा ओलांडली नाही. त्यामुळे नळीचं टोक लिव्हरमध्येच, आणि त्या बाजूचं सगळं पित्त बाहेर पिशवीत. पिशवी म्हणजे आपली लघवीची असते ती युरोबॅगच.

घरी सोडताना एका सिस्टरनी मला समोर बसवून शिकवलं. नळीवर एक थ्री-वे असतो, प्लास्टिकची छोटी तोटी. तिचा दांडा ज्या बाजूला, ती बाजू बंद. काही तोट्यांचं उलटं असतं, म्हणून आपल्या हातातली तोटी कोणती ते पाहून घ्यायचं. हात धुवायचे, तोंड स्पिरिटने पुसायचं, निर्जंतुक सलाईन 5 मिली सावकाश आत सोडायचं, दिवसातून दोनदा. कुणाला 10 मिली सांगतात, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरने ठरवायचं. जोर लागला किंवा दुखलं तर थांबायचं. आणि सिरिंजचा दट्ट्या मागे कधीही ओढायचा नाही. ही एक गोष्ट त्यांनी मला तीनदा म्हणायला लावली. मी त्यांच्यासमोर दोन वेळा सगळं करून दाखवलं तेव्हाच सही केली. ज्याला घरी करायचंय त्याने हा हट्ट धरावा. व्हिडिओ पाहून हात बसत नाही.

नळी कातडीतून जिथे बाहेर येते तिथला आकडा पाहून घ्या. नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात. मी रोज ड्रेसिंगच्या वेळी मोबाइलवर त्याचा फोटो काढायचे. नळी बाहेर सरकली आहे का, हे नुसत्या आठवणीने सांगता येत नाही.

पिशवी नेहमी कमरेच्या खाली. बसताना, झोपताना, जिना चढताना. वर धरली तर पिशवीतलं उलटं नळीत जाऊ शकतं. मी जुन्या साडीच्या काठाचा पट्टा लावून एक कापडी थैली शिवली. ती हे खांद्यावरून तिरकी घालायचे, पिशवी मांडीपाशी लोंबायची. राऊच्या बाजारात कुणाला कळायचंही नाही. पण नळीवर ओढ बसू नये म्हणून पोटावर एक जास्तीचा वळसा घेऊन चिकटपट्टी लावायची. श्रावणातल्या उकाड्यात पट्टी घामाने सुटायची, तेव्हा मी दिवसातून दोनदा बदलायचे. कातडी सोलवटली, तेव्हा कागदी टेपवर आले.

एक कबूल करते. ती पिशवी रिकामी करताना सुरुवातीला मला मळमळायचं. यांच्या लक्षात येऊ नये म्हणून मी मोरीचं दार लावून रेडिओ मोठा करायचे. नंतर सवय झाली.

वहीत चार रकाने आखले: किती मिली, रंग, ताप, सलाईन सहज गेलं की अडलं. चांगलं पित्त सोनेरी-तपकिरी, कधी हिरवट. पहिल्या दिवशी थोडं रक्त चालतं. नंतर लाल दिसलं, गढूळ झालं, वास आला किंवा एकदम कमी झालं तर फोन. नळीच्या भोवतीने ड्रेसिंग भिजायला लागलं तर नळी आत तुंबली किंवा सरकली असं समजायचं. नुसतं ड्रेसिंग बदलून भागत नाही.

कमी येणं वाईट हे समजत होतं. जास्त येणंही वाईट, हे मला वहीमुळे कळलं. गणपतीत हे एकदम गळून गेले. उठलं की चक्कर, जीभ कोरडी, बोलायचा कंटाळा. आम्हाला वाटलं जागरण झालं. वहीत पाहिलं तर पिशवीत रोज भरपूर येत होतं, वाढत चाललं होतं. लिव्हर दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. ते आतड्यात गेलं तर त्यातलं पाणी आणि क्षार शरीर परत घेतं. आपण ते मोरीत ओतत होतो. रक्तात सोडियम खाली, क्रिएटिनिन वर. दोन दिवस सलाईन लावावं लागलं. नंतर डॉक्टरांनी पिशवीत जेवढं जाईल त्या हिशेबाने ओआरएस प्यायला सांगितलं, साखरेवर नजर ठेवून. पित्त आतड्यात नसलं की व्हिटॅमिन के नीट शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून त्याचं इंजेक्शनही झालं.

पुढच्या खेपेला मुंबईत तार पार गेली. आता नळी जोड ओलांडून आतड्यापर्यंत पोचली. तिला जोडाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे भोकं. बाहेरचं तोंड टोपी लावून बंद केलं की पित्त आतल्या आत आतड्यात उतरतं. पिशवी गेली. हे इतके खूश झाले की परतताना अवंतिका एक्सप्रेसमध्ये खालच्या बर्थवर निवांत झोपले. मी जागी होते.

टोपी लावलेल्या नळीबद्दल एकच सूचना मोठ्या अक्षरांत लिहून दिली होती: ताप किंवा थंडी आली, दुखायला लागलं, बाजूने गळलं, तर आधी टोपी काढा, पिशवी जोडा, मग फोन करा. नवरात्रात एका रात्री हे हुडहुडी भरून उठले. दात वाजत होते. मी टोपी काढून पिशवी जोडली. आधी काहीच आलं नाही, मग हळूहळू गढूळ हिरवं उतरायला लागलं. कोऑर्डिनेटर ताई म्हणाल्या, जवळच्या रुग्णालयात न्या, रक्ताचं कल्चर घ्या आणि लगेच अँटिबायोटिक सुरू करा, सकाळची वाट पाहू नका.

जवळच्या रुग्णालयात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होता. मुलगा चांगला होता, पण असली नळी त्याने पाहिली नव्हती. त्याने मोठी सिरिंज जोडली आणि तुंबलेलं ओढून काढतो म्हणाला. मी नळीवर हात ठेवला. ओढलं की आतड्यातली घाण लिव्हरच्या नळ्यांत येते. मी फाइलमधला कागद दाखवला, इंग्रजीत आणि हिंदीत, मुंबईच्या डॉक्टरांच्या सहीचा. तो त्याने शांतपणे वाचला. त्याच कागदावर खाली होतं: डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं नकोत, कारण टॅक्रोलिमसबरोबर किडनीला धोका. इंजेक्शन ट्रेमध्ये भरून तयार होतं, ते त्याने बाजूला ठेवलं. अँटिबायोटिक निवडण्याआधी फोन लावून विचारलं, कारण क्लॅरिथ्रोमायसिनसारखं काही दिलं तर टॅक्रोलिमसची पातळी भलतीच चढते. पहाटे ताप उतरला. त्या मुलाचे मी आभार मानते. कागद वाचायची तयारी सगळ्यांची नसते.

त्या रात्रीनंतर मी एक काम केलं, जे डिस्चार्जच्या वेळीच व्हायला हवं होतं. मुंबईच्या टीमकडून इंदूरातल्या एका गॅस्ट्रोच्या डॉक्टरांशी बोलणं करवून घेतलं. रात्री-बेरात्री कुठे जायचं, तिथे अशा नळ्या घालणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीचा विभाग आहे का, नळी निसटली तर किती तासांत कुणाकडे पोचायचं, हे ठरवलं. निसटली तर ती आपण परत आत ढकलायची नाही. वर निर्जंतुक गॉज ठेवून लगेच निघायचं, कारण वाट फार वेळ उघडी राहत नाही. मुंबई एका रात्रीवर आहे. नळी तुंबली तर एक रात्र फार मोठी असते.

नळी तुंबू नये म्हणून दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते. दर खेपेला थोडी जाड घालायचे, 8 फ्रेंच, मग 10, मग 12. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. आकसलेली जागा अशी हळूहळू रुंदावते. या बदलण्याच्या वेळी फारसं दुखत नाही, तार असते त्याच वाटेने नवी जाते. कंटाळा येतो, तो रजेचा, तिकिटांचा आणि उपाशी बसण्याचा.

2023 च्या उन्हाळ्यात दुर्बिणीच्या आणि रेडिओलॉजीच्या, दोन्ही विभागांच्या डॉक्टरांनी एकाच टेबलावर काम केलं. बाहेरच्या नळीतून तार खाली सोडली, दुर्बिणीने ती आतड्यात पकडली आणि त्या वाटेने बारीक नळीतही आतून स्टेंट बसला. बरगडीतली नळी काढून टाकली. भोकातून थोडं झिरपलं, गॉज बदलत राहिलो, वाट मिटली. त्या दिवशी हे घरी येऊन तासभर आंघोळ करत बसले.

पण प्लास्टिकचा स्टेंटही तीनेक महिन्यांत तुंबतो. आत आहे, दिसत नाही, दुखत नाही, म्हणून माणसं विसरतात. आमच्याबरोबर वॉर्डात असलेले एक गृहस्थ तारीख चुकवून आले ते थेट आयसीयूत. मी दर वेळी डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्यायचे: किती स्टेंट, कोणत्या बाजूला, कधी घातले, कधीपर्यंत काढायचे. ती तारीख माझ्या, यांच्या आणि मुलीच्या, तिघांच्याही मोबाइलवर. वर्षाअखेर फुगा नीट उघडत होता, रंग सोडला की तो पटकन खाली उतरत होता. स्टेंट काढले आणि पुन्हा घातले नाहीत.

नणंदेचंही सांगायला हवं. कापलेली नळी तिच्याही पोटात आहे. दात्याला पित्ताची गळती होऊ शकते, आणि घरातल्या सगळ्यांचं लक्ष घेणाऱ्याकडे असतं. तिला काही झालं नाही. तरी पहिल्या वर्षात तिच्या तपासण्या मी यांच्याच वहीत, शेवटच्या पानापासून उलट्या लिहिल्या.

आता यांचं जीजीटी जवळजवळ नॉर्मल असतं, मधूनच थोडं चढतं. आकसलेली जागा पुन्हा आकसू शकते असं डॉक्टर म्हणतात, म्हणून रक्त चुकवायचं नाही. टॅक्रोलिमसच्या पातळीचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं, आणि इथल्या लॅबचा माणूस उशिरा येतो. तेव्हा आम्हीच पहिल्या गाडीने इंदूरला जातो, गोळी आणि डबा बरोबर घेऊन.